आठवड्याची पाराशा आणि रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा माणसं जमतात आणि त्या आठवड्याची पाराशा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा भाग, मराठीतून वाचतात. कुणी बँकेतून रिटायर झालेलं, कुणी अजून लोकलने फोर्टला जाणारं, एक कॉलेजातली मुलगी. नवा माणूस आला की तेच प्रश्न नव्याने निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी पंडित नाही आणि हिब्रू जेमतेम वाचते. आमच्या सोसायटीचे हिशेब मात्र नऊ वर्षं सांभाळलेत. खालच्या काही उत्तरांत ते डोकावेलच.

पाराशा म्हणजे नेमकं काय?

तोराह म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, मोशेची पाच पुस्तकं. मराठी बायबलात त्यांची नावं उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. हिब्रूत बेरेशीथ, शेमोथ, वायिक्रा, बामिदबार, देवारीम. या पाच पुस्तकांचे 54 भाग पाडलेत. त्यातला एकेक भाग दर शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, चर्मपत्राच्या हस्तलिखित गुंडाळीतून, सेफेर तोराहमधून, वाचला जातो. तो भाग म्हणजे पाराशा. वर्षभरात पाचही पुस्तकं संपतात. सिमहाथ तोराह या सणाच्या दिवशी शेवटची पाराशा वाचून झाली की लगेच, त्याच बैठकीत, ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी’ सुरू.

पाराशेला नाव मिळतं ते सुरुवातीच्या एखाद्या ठळक शब्दावरून. त्यामुळे गमती होतात. ‘हाये सारा’ म्हणजे ‘सारेचं आयुष्य’, आणि पहिल्याच ओळींत सारा, अब्राहामाची बायको, वारते.

मी ‘तोराह’ असं शेवटी ‘ह’ लावून लिहिते, त्याचं कारण घरगुती आहे. नुसतं ‘तोरा’ लिहिलं की आमची आजी म्हणायची, ‘तो मिरवायचा असतो, हा वाचायचा.’

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

आमच्यासारख्यांचा जन्माचा आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. परंपरा सांगते की गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागल्या. पोथ्यापुराणं सगळी समुद्रात गेली. पुढे तेलघाण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळायचा, आठव्या दिवशी सुंता करायची आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना म्हणायची, एवढंच बराच काळ हाताशी उरलं होतं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाआर हाराहमीम, 1796 साली सामुएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. आमची जुनी माणसं त्याला जुनी मशीद म्हणतात. ठाण्याचं शाआर हाशामायीम 1879 चं.

आता कळेल, की ज्यांच्याकडे शेकडो वर्षं पुस्तकच नव्हतं त्यांच्या घरात पुस्तक हाती आल्यावर ते किती नेटाने वाचलं गेलं असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर आमच्यात कीर्तनकार झाले. हरिकथेच्याच थाटात, पूर्वरंग-उत्तररंग करून, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं लावायचे. पाराशेतून रोजच्या जगण्यासाठी काही काढणं ही आम्हाला बाहेरून आलेली फॅशन वाटत नाही ती यामुळे.

हिब्रू येत नाही. मग नुसत्या भाषांतरावर चालेल का?

चालेल. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी आमच्या प्रार्थना मराठीत आणल्या त्या लोकांना समजाव्यात म्हणूनच. तालमूदमध्येही, म्हणजे जुन्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथातही, सांगितलंय की आठवड्याची पाराशा दोनदा मूळ आणि एकदा तर्जुम्यासह वाचावी. तेव्हाचा तर्जुमा आरामी भाषेतला होता, कारण घरात लोक तीच बोलायचे. भाषांतर शिष्टसंमत आहे, एवढाच याचा अर्थ.

एक सांभाळा. जमलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. दोन्हीकडे एखाद्या शब्दाला वेगळा शब्द दिसला की तिथे थांबायचं. बहुतेक वेळा खाणीचं तोंड तिथेच असतं.

वर्षाचे आठवडे आणि 54 पाराशा, गणित जुळतं कसं?

यहुदी पंचांगातही मराठी पंचांगासारखाच अधिक महिना असतो, 19 वर्षांत 7 वेळा. ज्या वर्षी अधिक अदार महिना येतो त्या वर्षी आठवडे जास्त. एरवी काही पाराशांच्या जोड्या लावून वाचतात. शिवाय शब्बाथला सण आला तर त्या दिवशी सणाचं वाचन होतं आणि पाराशा पुढे ढकलली जाते.

इस्राएलात अश्दोदला राहणाऱ्या मावसबहिणीशी फोनवर बोलताना एखाद्या उन्हाळ्यात ती एक पाराशा पुढे निघते, तेव्हा गोंधळून जाऊ नका. पेसाह, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण (आमच्या जुन्या बोलीत अनशी ढाकायचा सण), इस्राएलात सात दिवस आणि बाहेर आठ दिवस. तो आठवा दिवस शनिवारी आला की आपण एक आठवडा मागे पडतो, आणि पुढे कुठेतरी जोडपाराशा वाचून त्यांना गाठतो.

सुरुवात कशी करायची? थेट ‘आजचा बोध’ शोधायचा का?

नको. हीच एक गोष्ट मला या पानावर खरोखर सांगायची आहे. बोध शोधायला गेलात तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेला बोधच सापडतो. खरं बोलावं, आईवडिलांना जपावं, लोभ धरू नये. त्यासाठी पाराशा कशाला लागते? भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. त्याऐवजी पाराशेतली खटकणारी, विनाकारण वाटणारी, ‘हे इथे कशाला लिहिलंय?’ असं वाटायला लावणारी बारकी गोष्ट पकडा.

पेकुदे घ्या. ही साधारण मार्चमध्ये येते. सोसायटीचं वर्ष संपायला आणि ही वाचायला एकच गाठ. वाळवंटातल्या पवित्र मंडपासाठी जमलेल्या सोन्या-चांदी-पितळेचा हिशेब त्यात आहे. सोनं 29 किक्कार आणि 730 शेकेल (ही तेव्हाची वजनं), असं चालू होतं आणि वाचणारा जांभई देतो. पण पेन घेऊन बसा. माणसं 6,03,550. प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी. म्हणजे 3,01,775 शेकेल. एक किक्कार 3,000 शेकेलचा, म्हणजे 100 किक्कार आणि वर 1,775. पुस्तकात नेमका हाच आकडा आहे. 100 किक्कारच्या 100 बैठका ओतल्या. आणि वरचे 1,775? त्यांच्या खांबांच्या आकड्या केल्या, असं लिहिलंय.

पहिल्यांदा हा ताळा जुळला तेव्हा मी कॅल्क्युलेटर खाली ठेवून चहा करायला उठले. आता प्रश्न बघा: मोशेकडे हिशेब मागितला कुणी? पाराशेत तर कुणीच मागितलेला दिसत नाही. मिद्राश, म्हणजे जुन्या पंडितांचं कथारूप भाष्य, सांगतं की मोशे चालला की मागून लोक कुजबुजायचे: मान बघा त्याची, कशी भरलीय! एवढ्या कामाचा कारभार ज्याच्या हातात, तो श्रीमंत नाही होणार तर काय? मोशेने ते ऐकलं आणि काम संपताच हिशेब मांडायला बसला. मांडता मांडता 1,775 शेकेल कुठे गेले तेच आठवेना. घाम फुटला. मग नजर वर गेली, आणि खांबांवरच्या आकड्या दिसल्या.

आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर माझ्या हिशेबात अकराशे रुपये कमी येत होते. जिन्यात माझा विषय निघाला की आवाज खाली जायचे. पावती सापडली तेव्हा ती निघाली पाइपच्या क्लॅम्पची. आकड्यांचीच म्हणा ना. तेव्हापासून मी खर्चाचा तक्ता कुणी मागायच्या आधीच नोटीस बोर्डावर लावते आणि तीनशेच्या आतल्या वस्तूही ‘किरकोळ’मध्ये न ढकलता नावानिशी लिहिते. ‘प्रामाणिक राहा’ एवढाच बोध असता तर मी तो वाचून पान उलटलं असतं. प्रामाणिक तर मी होतेच. हिशेबात विसरली जाते ती उंचावर बसवलेली, कुणाच्या डोळ्यांसमोर नसलेली आकडी, हे मला या पाराशेने शिकवलं.

पण लेवीयमध्ये बळी, महारोग, शुद्धाशुद्ध. त्यातून रोजच्या जगण्याला काय मिळणार?

लोक इथेच पळून जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच आहे.

थाझरिया आणि मेसोरा या दोन पाराशा अनेकदा जोडून वाचतात. त्यात त्वचेवरच्या, कपड्यांवरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या डागांचं प्रकरण आहे. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खोलगट रेघा दिसल्या तर घरमालकाने याजकाकडे जावं. ठाण्यात जुलै काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पश्चिमेकडच्या भिंतीला आमच्याकडेही हिरवट ओल येते आणि पोपडे धरतात. पण तो मालक बोलतो काय ते बघा. ‘घरात डाग पडलाय’ असं नाही, तर ‘घरात डागासारखं काहीतरी मला दिसतंय.’ मिश्ना, म्हणजे जुन्या पंडितांनी सांगितलेल्या नियमांचा संग्रह, म्हणते, मालक स्वतः मोठा विद्वान असला आणि त्याची खात्री असली, तरी त्याने ‘डागासारखं’ असंच म्हणावं.

पुढचं आणखी बारीक. तपासायला आत शिरण्याआधी याजक हुकूम करतो की घर रिकामं करा. का? एकदा त्याने घर अशुद्ध ठरवलं की आतलं सगळंच अशुद्ध. पितळी, लाकडी भांडी धुऊन पुन्हा वापरता येतात. मातीचं मडकं मात्र फोडावं लागतं. तोराहने काळजी केली ती मडक्याची, असं मिश्ना सांगते. ज्याच्या घरात दोन-चार मडकीच आहेत त्याला एवढं जपायचं, म्हणून निकाल थोडा थांबतो.

आमच्या गटातल्या एकींच्या घरी मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू होतं आणि पलीकडच्या माणसांबद्दल कुठून तरी काही कानावर आलं होतं. त्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘मी अजून डागासारखंच म्हणणार. आणि मडकी बाहेर निघेपर्यंत तोंडातून काढणार नाही.’ याहून नीट वापर मला करता आला नसता.

पाराशा धंद्यापाण्याबद्दल काही सांगते का?

भरपूर. केदोशीममध्ये खरा तराजू, खरी वजनं, खरी एफा आणि खरी हीन ठेवा असं आहे. एफा हे धान्याचं माप आणि हीन हे पातळ पदार्थांचं, त्यामुळे तेल्यांच्या वंशजांनी कान टवकारावेत. तालमूदने यावर जी टीप दिलीय ती तर बाजारात उभं राहून लिहिल्यासारखी आहे. जमीन मोजताना एकाला उन्हाळ्यात आणि दुसऱ्याला पावसाळ्यात मोजून देऊ नका, कारण दोरी ऋतूप्रमाणे आखडते-ताणते. वजनं मिठात ठेवू नका, त्याने त्यांचं वजन बदलतं. आणि पातळ जिन्नस ओतताना फेस आणू नका.

फेस! माप काठोकाठ दिसतं आणि आत माल कमी. दूध घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. हल्ली मी नोकरीचे अर्ज वाचताना, लग्नाच्या बायोडाट्यात, आणि स्वतःच्या बोलण्यातही फेस किती ते बघते.

त्याच पाराशेत मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे राहू देऊ नका असंही आहे. कामवालीच्या पगाराची तारीख तुमच्या घरी कुठली, एवढं विचारून मी पुढे जाते.

मुलांना यात गोडी लागेल का?

गोष्ट वाचून दाखवू नका, वठवा. हाये सारामधला एफ्रोन हे पात्र तर वगात शोभेल असं आहे. सारेला पुरायला अब्राहामाला मखपेलाची गुहा विकत हवी. एफ्रोन चारचौघांत म्हणतो, छे छे, विकत कसली, गुहाच काय शेतही घ्या, फुकट! अब्राहाम म्हणतो, पैसे घ्याच. त्यावर एफ्रोन, हळूच: ‘400 शेकेल चांदीची जमीन, तुमच्या-माझ्यात त्याचं काय एवढं?’ किंमत सांगून मोकळा. रशी, म्हणजे अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार, म्हणतात की याने बोलायला पुष्कळ बोलला आणि करायला थोडंही केलं नाही. पैसे मोजून घेतो त्या जागी त्याच्या नावातलं एक अक्षरही पुस्तकात कमी पडलंय, ते रशी दाखवून देतात.

माझ्या भाचीच्या दहा वर्षांच्या मुलाने एफ्रोन केला आणि मग थेट स्वतःच्या आजोबांना म्हणाला, ‘परवा रिक्षावाल्याला तुम्ही द्या द्या म्हणत होतात, पण पाकीट बाबांनीच काढलं.’ पाराशा मुलांना समजते. नंतरचे दोन तास मोठ्यांना जड जातात, एवढंच.

काढलेला बोध ओढूनताणून आणलेला नाही, हे कसं ओळखायचं?

माझी चाचणी साधी आहे. बोध वाचताक्षणी तुम्हाला दुसऱ्या कुणाची आठवण झाली, ‘हे जाऊबाईंना ऐकवायला हवं’ असं वाटलं, तर अजून वाचा. मिश्नात म्हटलंय की माणूस सगळे डाग तपासू शकतो, स्वतःचे सोडून. आमच्या गटात म्हणूनच नियम आहे: उदाहरण स्वतःचं द्यायचं, शेजाऱ्याचं नाही. या नियमामुळे दोघं यायचे थांबले, ते सांगून टाकते.

आणि बोध म्हणजे नियम नव्हे. काय खावं, शब्बाथला काय चालतं, सुतक किती, हे हाजानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, किंवा रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारा. त्यासाठी आमचा गुरुवार नाही.

काही भाग वाचवत नाहीत. अब्राहाम मुलालाच बळी द्यायला निघतो. त्यातून काय घ्यायचं?

लगेच काही घेऊ नका. ज्या वायेरा पाराशेत हे आहे, त्यातच अब्राहाम सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो. 50 नीतिमान सापडले तर? 45? 40? करत करत 10 वर येतो. परक्या गावासाठी एवढा भांडणारा माणूस पोटच्या पोरासाठी एक शब्द बोलत नाही, पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. असं का? आमच्याकडे यावर आजवर एकमत झालेलं नाही आणि एका काकांनी तर गेल्या वर्षी ‘मला हे पटत नाही’ म्हणून पुस्तक मिटून ठेवलं. पुढच्या गुरुवारी ते आले. दरवर्षी ही पाराशा येते आणि दरवर्षी ते मिटून ठेवतात. त्यांचं तेवढंच वाचन पुष्कळ आहे असं मला वाटतं.

यहुदी नसलेल्यांनी वाचलं तर चालतं का?

दहा आज्ञा ज्या पाराशेत आहेत तिचं नाव यिथ्रो. हा मोशेचा सासरा, मिद्यानचा पुजारी, परका माणूस. तो येतो, एक दिवस जावयाचं काम बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रांगेत आणि मोशे एकटा न्याय करत बसलाय. सासरा म्हणतो, ‘हे तू करतोस ते बरं नाही. तूही झिजशील आणि ही माणसंही.’ हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, अवघड तेवढंच तुझ्याकडे येऊ दे. मोशे ऐकतो. ज्या पुस्तकात सगळ्यात महत्त्वाच्या पाराशेला परक्या सासऱ्याचं नाव आहे, ते वाचायला परक्याने कशाला बिचकायचं? गेली दोन वर्षं आमच्याकडे एक देशस्थ बाई येतात आणि सगळ्यांत अवघड प्रश्न त्याच काढतात.

वेळ किती लागतो? शनिवारी लिहून ठेवलं तर?

शब्बाथच्या सकाळी पाराशा सात जणांना वाटून वाचली जाते, म्हणजे तिचे सात तुकडे तयारच आहेत. रोज एक, दहा मिनिटं. शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, झाला की जेवताना कुणीतरी एकाने पाच मिनिटं बोलावं. पाचच. आमचे मामा एकदा पंचवीस मिनिटं बोलले, मटण थिजलं, तो किस्सा अजून निघतो.

शब्बाथला लिहायचं नसतं आणि फोनही बाजूला असतो, त्यामुळे टाचण गुरुवारीच करून ठेवा. मी पाठकोऱ्या बिलांवर करते.

मध्येच एखादा आठवडा, किंवा दोन महिने, चुकले तर?

भरून काढायला बसू नका. मागचं ओझं घेतलं की माणूस नोहाच्या, म्हणजे प्रलय आणि तारवाच्या दुसऱ्याच पाराशेच्या, पुढे जात नाही. असे तिघे तरी माझ्या माहितीत आहेत जे दरवर्षी तारवात चढतात आणि उतरतच नाहीत. या आठवड्याची कुठली आहे ती बघा आणि तिथूनच धरा. सिनेगॉगमध्येही शनिवारी दुपारच्या प्रार्थनेला पुढच्या पाराशेचा पहिला तुकडा वाचून होतो, आणि सोमवारी-गुरुवारी सकाळी पुन्हा. तोवर तुम्हाला जाग आली तरी पुरे.

आमच्याकडे यायचं असेल तर गुरुवारी सात वाजता. लिफ्ट बंद असली तर ते हिशेबात आहे, नोटीस बोर्डावर बघा.